किरकोळ आजार आणि आपले औषधाचे दुकान

(संस्थेच्या कुटुंब व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्यावर दोन शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आरोग्यावर बोलायला डॉक्टर मंडळी आहेत. आम्ही औषध विकणारी माणसे. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीच्या तोंडाशी आमचे दुकान आहे. दुकानात आम्ही तिघे असतो, दोघे भाऊ आणि धाकट्याची पत्नी. तिघांचेही शिक्षण फार्मसीचे. म्हणून आज बोलताना 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणणार आहोत. त्यात मोठेपणा नाही. आमच्या हातून झालेली एक चूक आज सांगायची आहे, आणि ती तिघांची आहे.

बाहेरगावचे पाहुणे बसले आहेत म्हणून एक खुलासा करतो. नागपुरात नुसते 'मेडिकल' म्हटले की ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. त्याच्या जोडीला मेयो. आमच्यासारख्यांना म्हणायचे 'मेडिकल स्टोअर'. पण वस्तीतला माणूस खरे तर या दोन्ही 'मेडिकल'मध्ये फरक करतो तो वेळेचा. मोठ्या मेडिकलला जायचे म्हणजे सकाळी उठून चिठ्ठी काढायची, रांगेत उभे राहायचे, तपासणी, मग औषधाची दुसरी रांग. दिवस गेला, म्हणजे त्या दिवसाची मजुरीही गेली. खाजगी दवाखान्यात वेळ वाचतो, पण खिसा रिकामा होतो. आणि आमच्या दुकानात? कामावरून परतताना रात्री आठ वाजता सायकल टेकवायची, "भाऊ, अंग दुखून राहिलं, काही द्या ना" म्हणायचे आणि पाच मिनिटांत घरी. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक लहान दवाखाने बंद होते, तेव्हा तर आमच्या फळीसमोर खडूने आखलेल्या चौकोनांत लोक उभे असत.

गरिबाचा पहिला दवाखाना औषधाचे दुकान आहे, हे कोणी कागदावर लिहिलेले नाही. पण तसे आहे. मग त्या दवाखान्याचा उपयोग कसा करून घ्यावा, आणि कुठे तो दवाखाना नव्हेच हे कसे ओळखावे, एवढेच आज सांगायचे आहे.

सुरुवात कायद्यापासून करतो, थोडक्यात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे, आणि फार्मसी कायदा १९४८ चा. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असला पाहिजे, त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असले पाहिजे. पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा भिंतीकडे पाहा आणि फळीमागे उभा असलेला माणूस तोच आहे का ते विचारा. विचारायला लाजू नका. दुसऱ्याचे प्रमाणपत्र भाड्याने टांगून पोऱ्याकडून दुकान चालवण्याचा प्रकार आमच्या धंद्यात आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. काही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, ती 'शेड्यूल एच' मधली. १ मार्च २०१४ पासून 'एच-वन' नावाची आणखी कडक यादी लागू झाली. तिच्यातले औषध विकले तर डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि औषध किती दिले हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. तुम्ही हे सगळे पाठ करू नका. गोळीच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, की ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, एवढे लक्षात ठेवा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीमही काढली होती. आमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी ती रेघ पाहिली आहे? हाताच्या बोटांवर मोजावे इतक्यांनी.

आता आजारांकडे येऊ. साधी सर्दी, अंगदुखी, एका दिवसाचा ताप, जुलाब, आम्लपित्त, खरूज, मुरगळा, बद्धकोष्ठ, उवा. याकरिता आमच्याकडे जरूर या. पण येताना आजार घेऊन या, औषधाचे नाव घेऊन येऊ नका. "ती निळी गोळी द्या" असे म्हणालात तर आम्ही निळी गोळी देऊन मोकळे होतो. "दोन दिवसांपासून जुलाब होताहेत, लेकरू आठ महिन्यांचे आहे" असे म्हणालात तर आम्हाला चार प्रश्न विचारावे लागतात, आणि त्या चार प्रश्नांतच आमचे शिक्षण आहे. कोणासाठी हवे? वय किती, वजन किती? किती दिवसांपासून? आणखी कोणते औषध चालू आहे? बाई असेल तर पोटुशी आहे का, अंगावर पाजते का, हेही विचारले पाहिजे. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांत रुग्णाला असा सल्ला देणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहिलेले आहे. तुम्ही घाईत असता आणि आम्ही तुमच्याहून घाईत, म्हणून ते राहून जाते.

जुलाबाचेच घ्या. लोक येतात ते 'जुलाब बंद करायची गोळी' मागायला. लहान मुलाला ती गोळी कधीच देऊ नये. मूल दगावते ते अंगातले पाणी आणि मीठ गेल्यामुळे, आणि त्यावरचे औषध म्हणजे जीवनजल, ओआरएस. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपातून वाटले आणि हजारो माणसे वाचवली. तीच पुडी आज आमच्या दुकानात चहा-नाश्त्याच्या पैशात मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्णच्या पूर्ण. अर्धी पुडी ग्लासात आणि उरलेली डब्यात, असे नाही. पाणी उकळून गार केलेले, आणि कालवलेले एका दिवसात संपवायचे, उरले तर फेकायचे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलांना सोबत झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. दूध पाजणे चालूच ठेवायचे.

इथे एक सावधगिरी. दुकानात रंगीत खोक्यातली गोड पेये ठेवलेली असतात आणि त्यांच्या नावात बरीच वर्षे 'ओआरएस' ही अक्षरे असत. त्यांत साखर जास्त, मीठ कमी. जुलाबात जास्त साखर उलट जुलाब वाढवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी तुम्ही पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या. शाळेत जाणारे पोर घरात आहे ना? त्याला वाचायला लावा.

मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसले, किंवा पाजलेले पाणी उलटून पडू लागले, तर आमच्या दुकानाकडे वळूसुद्धा नका. सरळ दवाखाना.

तापासाठी आम्ही देतो ती पॅरासिटामॉल. निर्धोक गोळी म्हणून तिची ख्याती आहे, आणि बेताने घेतली तर खरीही आहे. पण बेत चुकतो तो दोन जागी. एक, सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. सर्दीची गोळी घेतली, वर तापाची घेतली, अंगदुखीची तिसरी घेतली. नावे तीन, आत औषध एकच. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, ही शेवटची हद्द आहे. रोज दारू घेणाऱ्याची आणि ज्याचे वजन कमी त्याची हद्द त्याहून बरीच अलीकडे. पुढे यकृतावर संकट येते. दुसरी जागा लहान मुलांच्या बाटलीची. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, आणि पातळ औषधाच्या मोठ्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. शेजारणीने सांगितले 'एक चमचा पाजा', आणि घरात होती थेंबांची बाटली, तर दहा किलोच्या मुलाला एका वेळी दीडशेपेक्षा जास्त द्यायचे नाही तिथे पाचशे पोटात गेले! म्हणून बाटली विकत घेताना मुलाचे वजन सांगा आणि बाटलीसोबतच्या मापावर किती भरायचे ते आमच्याकडून पेनाने खूण करून घ्या.

पावसाळ्यानंतर नागपुरात डेंग्यूचे दिवस येतात. त्या दिवसांत तापावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासावे. आणि निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना द्यायला २०११ पासून आपल्या देशात बंदी आहे. घरात कोणाची जुनी गोळी पडली असेल तर ती अर्धी करून मुलाला देऊ नका.

मुलांच्या खोकल्याबद्दल बोलताना आमचा आवाज जड होतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लेकरे खोकल्याच्या पातळ औषधाने गेली. त्यांतली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. जुन्या मंडळींना आठवेल, १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. एवढ्या वर्षांनी पुन्हा तेच. बाटली हातात घेऊन ती विषारी आहे की नाही हे आम्हालाही कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही. पण दोन गोष्टी हातात आहेत. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरमध्ये सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही सहसा देऊ नयेत. बहुतेक मुलांचा खोकला आपोआप जातो. कोमट पाणी, एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध, नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे थेंब, एवढे पुरते. आणि दुसरी गोष्ट, बिल घ्या. बिलावर औषधाचा बॅच नंबर असतो. एखादी बॅच खराब निघाली असे वर्तमानपत्रात आले तर आपल्या घरातली बाटली त्यातली आहे का, हे बिलावरून कळते. पाच रुपये सुटे परत मागणारा माणूस बिल मागायला का संकोचतो, हे आम्हाला आजवर कळलेले नाही.

आता ती चूक.

आमच्याच वस्तीतला एक माणूस, बांधकामावर सेंट्रिंगचे काम करणारा, वय चाळिशीच्या आत. खोकल्याची बाटली न्यायला आला. दिली. दहा-बारा दिवसांनी परत आला, दुसरी दिली. आमच्यापैकी जो फळीवर असे तो देई, आणि आधी कोणी दिली होती हे दुसऱ्याला ठाऊक नसे. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "भाऊ, याच्यानं काही होत नाही, जरा कडक गोळी द्या." आम्ही लाल रेघेची गोळी दिली, पाच दिवसांची, चिठ्ठीशिवाय. त्याला आठवडाभर बरे वाटले. आम्हालाही बरे वाटले. मग तो दीड महिना आलाच नाही, आणि आला तो त्याच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, निम्म्या अंगाचा होऊन. थुंकीत रक्त. क्षय निघाला. धाकट्या मुलीलाही निघाला.

आम्ही फार्मसी शिकलेली माणसे. दोन आठवड्यांवर खोकला टिकला की थुंकी तपासायची, हे आम्हाला पाठ होते. काही अँटिबायोटिक औषधांनी क्षयाची लक्षणे थोडे दिवस दबतात आणि निदान लांबते, हेही पुस्तकात वाचलेले होते. त्याने आम्हाला तीनदा संधी दिली आणि तिन्ही वेळा आम्ही बाटलीची किंमत सांगितली. दुकानापासून थोड्या अंतरावर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी फुकट होत होती. आम्ही फक्त "इथे देत नाही, तिकडे जा" एवढे म्हणायचे होते. बाप-लेक दोघे औषध पूर्ण करून बरे झाले. औषध सरकारी केंद्रातून मोफत मिळते. पोषणासाठी रुग्णाला दरमहा पाचशे रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाले आहेत. तो अजून आमच्या दुकानी येतो. त्याने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून दुकानात एक वही आहे. खोकल्याची बाटली, आम्लपित्ताची गोळी, दुखण्याची गोळी यांपैकी काहीही एकाच माणसाने महिन्यात तिसऱ्यांदा मागितले, की आम्ही ते देत नाही. "डॉक्टरला दाखवून या" म्हणतो. यावर लोक रागावतात. "पैसे देऊन राहिलो ना, फुकट मागतो का?" असे म्हणतात आणि समोरच्या दुकानात जातात, तिथे त्यांना मिळतेही. आमची विनंती आहे, की औषधवाला 'नाही' म्हणाला तर तो तुमचा अपमान समजू नका. त्याचे नुकसान करून घेऊन तो ते म्हणत असतो.

समोरच्या दुकानात मिळते ती पुडी. वर्तमानपत्राच्या कागदात तीन-चार सुट्या गोळ्या. एक ताप-दुखण्याची, एक सर्दीची, एक अँटिबायोटिक, आणि एक बारीक पांढरी. ती बारीक पांढरी बहुधा स्टेरॉइडची असते. तिच्यानेच 'एका खुराकात गुण' येतो. मधुमेह असलेल्याची साखर ती वर नेते, वारंवार घेतली तर हाडे ठिसूळ होतात, अंगातली रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते. सुट्या गोळीवर नाव नाही, मुदत नाही. पुडी घेऊ नका. पट्टी कापून घ्यायची तरी नाव आणि मुदत असलेला भाग तुमच्याकडे येईल अशी कापून मागा.

स्टेरॉइडचेच दुसरे रूप म्हणजे गजकर्णाचे मलम. जांघेत, कमरेला, चट्टे उठतात. माणूस लाजतो, दवाखान्यात दाखवत नाही, दुकानात हळूच बोट दाखवतो. त्याला मिळते तीन औषधांचे मिश्र मलम, ज्यात एक स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. मग ते गजकर्ण घरभर होते, आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. २०१८ मध्ये अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीच्या यादीत टाकली गेली. चेहरा गोरा करण्यासाठी मुली हीच मलमे लावतात, त्याबद्दल आमच्या वहिनी मुलींशी वेगळे बोलणार आहेत. साधे क्लोट्रिमॅझोलचे मलम दिवसातून दोनदा, चट्टा गेल्यावरही दोन आठवडे, टॉवेल आणि कपडे वेगळे, कपडे उन्हात. एवढ्याने बरे झाले नाही तर त्वचारोगतज्ज्ञ. खरूज असेल तर मलम एकट्याने लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेखाली सर्वांगाला लावायचे आणि आठवड्याने पुन्हा.

आणि 'गॅस'. चाळिशीपुढचा माणूस रात्री येतो, छातीवर हात ठेवून म्हणतो गॅस झाला. घाम फुटला असेल, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, तर त्याला आम्ही सोडा देत नाही, ऑटो बोलावतो. दहातल्या नऊ जणांना गॅस निघो. आमची हरकत नाही.

विद्यार्थी मित्र विचारतील, फार्मासिस्टला एवढे कळते तर त्यालाच उपचार का करू देत नाहीत? इंग्लंडमध्ये तसे करून पाहिले आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे घसा दुखणे, कान दुखणे, सायनसचा त्रास, किडा चावून झालेली जखम, इम्पेटिगो, नागीण आणि स्त्रियांच्या लघवीची साधी जळजळ अशा सात दुखण्यांवर फार्मासिस्ट ठरलेल्या चौकटीत औषध देतो, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा, आणि रुग्णाला डॉक्टरकडे जावे लागत नाही. पण तिथे रुग्णाशी बोलायला वेगळी खोली लागते, दिलेल्या उपचाराची नोंद रुग्णाच्या डॉक्टरकडे जाते, आणि कोणत्या वयाला, कोणत्या लक्षणाला हात लावायचा नाही हे लिहून दिलेले असते. आपल्याकडे गिऱ्हाईक रस्त्यावर उभे, मागे चार जण, आणि बाईला लघवीच्या त्रासाबद्दल बोलायचे असते. ती बिचारी चूप राहते आणि डोक्याची गोळी घेऊन जाते. आपल्याकडे आज तशी परवानगी नाही, आणि आज आहे त्या फळीवर ती मिळू नये असेच आमचे मत आहे. आधी फळी सुधारली पाहिजे. आमच्या दुकानात आम्ही पडदा लावून एक स्टूल ठेवले आहे, इतपत सुरुवात.

बारावी शास्त्र शाखेनंतर दोन वर्षांची पदविका आणि पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, असा आमचा अभ्यासक्रम आहे. डॉक्टर होता आले नाही म्हणून फार्मसी, असे म्हणत जी मुले येतात त्यांनी येऊ नये. समोरच्याला चार प्रश्न विचारण्याचा ज्यांना कंटाळा नाही, त्यांनी यावे. माहिती हवी असेल तर सायंकाळी दुकानावर या.

वेळ बराच घेतला. कार्यक्रमपत्रिकेत लिहिल्याप्रमाणे आपण सर्वांनी घरातल्या औषधांच्या पिशव्या सोबत आणल्या आहेत, असे दिसते. जेवणानंतर बाजूच्या खोलीत आम्ही तिघेही बसतो आहोत. मुदत संपलेले वेगळे काढू, कशावर काय आहे ते मराठीत लिहून देऊ. बायकांसाठी वहिनी पलीकडच्या दाराजवळ बसतील. ज्यांच्या घरी कोणी दोन आठवड्यांहून जास्त खोकत आहे, त्यांनी पिशवी नसली तरी पहिल्यांदा यावे.